हार गळ्यात असेतो

टाकळवाडीत त्या वर्षी दिवाळीला अजून अवकाश होता, पण कृपादान ओहोळ गुरुजींच्या डोक्यात फटाके आधीच फुटायला लागले होते. सत्तर सालची गोष्ट. त्यांच्या बायकोला, लिडियाला, विलायतेतल्या एका इस्पितळानं नोकरी देऊ केली होती आणि पाठोपाठ तिथल्या सरकारचं व्हाउचर आलं होतं. व्हाउचर म्हणजे त्या देशात जाऊन काम करायचा परवाना.

लिडिया नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आठवडाभर तिकडच्या क्वार्टरमध्ये राहायची, शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं टाकळवाडीला यायची आणि सोमवारी पहाटे परत. गुरुजी पारनेरच्या अलीकडच्या या गावात एकशिक्षकी शाळा चालवायचे. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं, आणि सगळा संसार शनिवार ते सोमवार असा सुखानं चालला होता.

आता व्हाउचर आलं होतं लिडियाला, पण जमिनीवरून पाय सुटले ते गुरुजींचे. त्यांनी ही बातमी आधी शाळेत सांगितली, मग विहिरीवर, मग न्हाव्याला. न्हाव्याला सांगितली म्हणजे पारनेर तालुक्याला सांगितली. भूगोलाच्या तासाला त्यांनी फळ्यावर इंग्लंड काढलं, ते महाराष्ट्राच्या दुप्पट झालं, आणि त्यात एक ठिपका देऊन म्हणाले, "हे आमचं घर." संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून ते परदेशी जाण्याच्या परवान्यांवर बोलायला लागले की उठायचं नाव घेत नसत.

समोर हमखास गोरक्ष असायचा. गोरक्ष शेतकरी, गुरुजींचा शेजारी, आणि मृदंगावर त्याचा हात असा की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायची.

"हे बघ गोरक्ष, परमुलखात शिरायचं तर आधी आपण कोण ते ठरवावं लागतं. पाहुणा म्हणून गेलास तर चार दिवस राहा, हिंड, पण कामाला हात लावायचा नाही."

"म्हंजी जावयावानी," गोरक्ष म्हणाला.

"अगदी तसं. विद्यार्थी म्हणून गेलास तर शिकायचं आणि परत यायचं. कामाला जायचं तर व्हाउचर पाहिजे, आणि ते कुणालाही देत नाहीत. तिकडं ज्याची वाण आहे त्याला देतात. सध्या नर्सची वाण आहे."

"आन मृदंगवाल्याची?"

"चौकशी करतो," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

"आन तुमी कोन म्हनून चाललाय?"

"मी आश्रित," गुरुजी छाती काढून म्हणाले. "कमावणाऱ्याच्या मागं घरची माणसं जातात ना, बायको, पोरं, त्यांना आश्रित म्हणतात."

आता 'बायको, पोरं' म्हणताना गुरुजींनी जरा थांबायला हवं होतं. पण हवेत तरंगणारा माणूस थांबतो कुठं? ते तसेच पुढं पासपोर्टावर गेले, देवी टोचल्याच्या दाखल्यावर गेले, आणि चौकशीला येणाऱ्या हवालदाराला चहा द्यावा की दूध यावर येऊन थांबले.

गावानंही त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. सरपंच आप्पासाहेबांनी तर कागदपत्रं पुरती व्हायच्या आतच निरोप समारंभ उरकून टाकला. टाकळवाडीत निरोप लवकर द्यायची पद्धतच होती. म्हणजे ऐनवेळी कुणाचं राहून गेलं असं व्हायला नको. शाल दिली, नारळ दिला, आणि विलायतेतल्या थंडीला म्हणून धनगराकडून खास विणून घेतलेली काळी घोंगडी दिली. लिडिया तेव्हा नगरला ड्युटीवर होती. उत्तराचं भाषण गुरुजींनी एकट्यानं केलं आणि दोघांच्या वाट्याचं केलं.

पुढच्या शनिवारी लिडिया एस.टी.तून उतरली, घरी आली, पाय धुतले आणि चुलीपुढं बसून म्हणाली, "अहो, मुंबईच्या विलायती कचेरीतून उत्तर आलंय. नवरा कमावता असला तर बायको त्याच्या मागं जाऊ शकते. बायको कमावती असली तर नवऱ्याला तिच्या मागं येता येत नाही."

"का?"

"त्यांचा नियम आहे तसा. ते म्हणतात, नवरा बायकोवर अवलंबून नसतो."

गुरुजी उठून उभेच राहिले. "कोण म्हणतं? मला येऊन विचार म्हणावं. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं तर मी शनिवारपर्यंत तसाच हिंडतो. अजून किती अवलंबून पाहिजे त्यांना?"

लिडिया हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला, तो धुरामुळं असं म्हणाली, आणि चुलीत तर अजून जाळही घातला नव्हता. "जाऊ द्या. मीही नाही जात. सहा महिन्यांत वापरलं नाही की व्हाउचर आपोआप मरतं. मरू दे."

गुरुजींना ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर अंगणातून बोलणं ऐकू येत होतं. लिडिया कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि प्रत्येकीपुढं जरा वाकून विचारत होती, "गुड मॉर्निंग. हाऊ इज द पेन टुडे?" कोंबडीनं मान वाकडी केली की म्हणायची, "व्हेरी गुड." हा सराव ती व्हाउचर आल्यापासून करत होती. जायचं रद्द झालं तरी सराव थांबला नव्हता. गुरुजी गोधडीत पडून ते ऐकत राहिले. हिला जायचंय हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि आपण तिच्या पायातला खोडा झालोय हेही कळलं.

मग त्यांनी सगळे रस्ते धुंडाळले. शिक्षक म्हणून जावं तर त्यांचं ट्रेनिंग मराठीतलं, ते तिकडं चालेना. विद्यार्थी म्हणून जावं तर वय छत्तीस, आणि शिकायचं काय ते ठरेना. पाहुणा म्हणून गेलं तर चार दिवसांत उठून यायचं. इकडं गावात तर तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. निरोप घेतलेला माणूस गावातच हिंडतोय म्हटल्यावर काय होणार? पलीकडच्या आळीतली म्हातारी बनुबाई रोज सकाळी त्यांना गाठून विचारायची, "गुर्जी, अजून हितंच व्हय? न्हाई, घोंगडी उबदार हाय का, येवढंच इचारते."

शेवटी वाट सापडली ती नगरला, मिशनच्या एका जुन्या कारकुनाकडं. धर्माचं काम करणाऱ्याला म्हणे व्हाउचर लागतच नाही. फक्त त्याची भाकर त्या कामावरच पाहिजे, आणि तसं चर्चच्या थोरल्या पाळकांनी लिहून दिलं पाहिजे. गुरुजी नगरच्या स्टँडपर्यंत जवळजवळ नाचत आले.

कारण गुरुजी कीर्तनकार होते. डोक्याला पागोटं, कमरेला उपरणं, हातात चिपळ्या, पाठीमागं टाळकरी, सगळं वारकऱ्यासारखं. फक्त अभंगात नाव येशूचं. आसपासच्या ख्रिस्ती वस्त्यांमधून त्यांना बोलावणी यायची, आणि टाळकऱ्यांत निम्मे मारुतीच्या भजनातले असायचे. देव कुठला ते मागनं बघू, आधी चाल काय हाय ते सांगा, असं गोरक्षचं म्हणणं असे.

हे कीर्तन गुरुजींना त्यांच्या चुलत्यानं शिकवलं होतं, आणि शिकवताना एकच शपथ घातली होती. कीर्तनाआधी श्रोत्यांतलं वडीलधारं माणूस गळ्यात हार घालतं. तो हार गळ्यात असेतो तोंडातून खोटं निघता कामा नये. गुरुजी ही शपथ इतकी पाळायचे की लोक हार उतरेपर्यंत त्यांच्याशी बोलायलाच भ्यायचे. एकदा काष्टीला लग्नघरी कीर्तन झालं आणि यजमानीणबाईंनी घाईनं विचारलं, "आमची आमटी कशी झालती, गुर्जी?" गळ्यात हार होता. गुरुजी म्हणाले, "खारट." त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही.

आता थोरले पाळक म्हणजे यशया साळवे. चहात साखर कमी पडली तर कमी आहे म्हणून सांगणारा, आणि कुणाच्या भिडेखातर एक ओळ लिहून न देणारा माणूस. ते म्हणाले, "रविवारी येतो. कीर्तन ऐकतो, विचारायचं ते विचारतो, मग लिहितो." झालं. टाकळवाडीनं कंबर कसली. निरोप दिलेला माणूस विलायतेला पोचता करणं हा आता गावाच्या अब्रूचा प्रश्न झाला होता.

"सोपं हाय," आप्पासाहेब म्हणाले. "साळंचं नावच काढायचं न्हाई. गुर्जी कीर्तनावर जगत्यात, बास."

"खोटं होईल ते," गुरुजी म्हणाले.

"राजीनामा लिवा आन खिशात ठिवा. मंग निम्मं खरं झालं का न्हाई?"

गुरुजींनी राजीनामा लिहिला आणि खिशात ठेवला. मन खात होतं, पण कोंबड्यांपुढं वाकलेली लिडिया डोळ्यांपुढून हलत नव्हती. कीर्तन झालं की हार उतरवायचा, पाळकसाहेबांना चहाला बसवायचं आणि मग प्रश्न येऊ द्यायचा, असं ठरलं. हाराबाहेरचं खोटं चुलत्याच्या शपथेत बसत नव्हतं.

कीर्तनाला जागा एकच, शाळेचं पटांगण. शाळेच्या भिंतीवर गुरुजींचं नाव 'शिक्षक' म्हणून ठळक रंगवलेलं होतं. गोरक्षनं त्यावर निरोपाची घोंगडी टांगली. पाळकसाहेब आले, खुर्चीवर बसले, आणि पहिली नजर तिकडंच गेली.

"भिंतीवर घोंगडी कशाला?"

"सायेब, लई थंड भित हाय ती," बनुबाई म्हणाली. पाळकसाहेबांनी बराच वेळ तिच्याकडं बघितलं.

मग बनुबाईनं गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि कीर्तन उभं राहिलं. काय सांगावं त्या दिवसाचं. गोरक्षचा मृदंग असा बोलत होता की कडेला बांधलेली शेरडं उठून उभी राहिली. गुरुजी उड्या मारत होते, गिरक्या घेत होते, मध्येच खाली बसून हळू आवाजात एखादी ओळ अशी म्हणत होते की बायका पदर तोंडाला लावत होत्या. आप्पासाहेब सरपंचपण विसरून टाळ कुटत होते. खुद्द पाळकसाहेबांचा बूट मातीवर ताल धरायला लागला, ते ध्यानात आल्यावर त्यांनी पाय आखडून घेतला, आणि थोड्या वेळानं दुसरा पाय हलायला लागला. लिडिया बायकांत बसली होती. तिच्या तोंडावर असं तेज आलं होतं की गुरुजी एक गिरकी जास्तच घेऊन गेले.

गजर संपला तेवढ्यात सडकेवरनं हॉर्न वाजला. नगरची शेवटची एस.टी. त्या दिवशी जरा लवकर आली होती, आणि ती गेली म्हणजे पाळकसाहेब रात्रभर टाकळवाडीत. ते ताडकन उठले.

"चहा राहू दे. कृपादान, एकच विचारतो."

गोरक्षच्या तोंडचं पाणी पळालं. मृदंग टाकून तो पुढं झाला आणि गुरुजींच्या गळ्यातला हार ओढायला लागला. पण बनुबाईनं हार दोऱ्यात नाही, सुतळीत ओवला होता, बैलाला बांधला तरी तुटू नये असा, आणि त्याची गाठ पागोट्याच्या सोग्यात अडकली होती. गोरक्ष ओढतोय, गुरुजींची मान हलतेय, आप्पासाहेब मागनं कुजबुजतायत, "तोड, तोड." हार जागचा हलेना.

"कृपादान, तुझी भाकर कशावर आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

गुरुजींनी हाराकडं बघितलं. मग गोरक्षचा हात हळूच बाजूला केला.

"भाकर शाळेची आहे, साहेब. कीर्तन हौसेचं. आणि त्या घोंगडीखाली माझं नाव आहे."

आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. गोरक्ष मागं जाऊन मृदंगापाशी बसला. पाळकसाहेबांनी घोंगडीकडं एकदा बघितलं. "तुझ्यासारखा कीर्तनकार मी बघितला नाही," ते म्हणाले, "पण मग मला लिहून देता येणार नाही."

"ठाऊक आहे मला."

पाळकसाहेब लिडियाकडं वळले. "आणि सिस्टर, तुमचं काय? व्हाउचरची मुदत संपत आली. दवाखान्यात सगळे मला विचारतात."

लिडिया उठून पुढं आली. हसतच आली. "मला कुठं एवढी हौस होती, साहेब? इथं माझं बरं चाललंय. यांना सोडून मी नाही जात."

बायकांनी समाधानानं माना हलवल्या. पाळकसाहेबांनीही हलवली. सगळं कसं छान मिटलं होतं. गुरुजींनी नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिले असते तर पुढचा शनिवार आला असता, त्याच्या पुढचाही आला असता, आणि लिडिया एस.टी.तून उतरून पाय धुऊन चुलीपुढं बसली असती. गुरुजींना तेच पाहिजे होतं. दुसरं काहीसुद्धा नको होतं.

त्यांनी दोन्ही हातांनी हार धरला आणि पागोट्यासकट ओढून काढला. पागोटं जमिनीवर पडलं. तसेच उघड्या डोक्यानं ते पुढं गेले आणि हार लिडियाच्या गळ्यात घातला.

"आता सांग," ते म्हणाले. "जायचंय का?"

लिडियाचं हसू गेलं. तिनं हाराच्या फुलांना हात लावला. काढून टाकावा अशी ती जरा हललीही. मग मान वर करून तिनं नवऱ्याकडं बघितलं. दवाखान्यात राहून तिची भाषा चांगली धुऊन निघाली होती, पण त्या वेळी तोंडातून आईचीच बोली आली.

"जायचंय," ती म्हणाली. "मला लई जायचंय हो."

आणि ती रडायला लागली.

"मग जा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, पण तोंड हसत होतं. "आपला संसार तसाही शनिवारचा. आता शनिवार जरा लांबला, असं समजू."

तेवढ्यात कुणाला काही सुचायच्या आत गोरक्षचा हात मृदंगावर पडला. का पडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. टाळकऱ्यांनी टाळ उचलले, आप्पासाहेबांनी उचलले, आणि संपलेलं कीर्तन पुन्हा उभं राहिलं. गुरुजी नाचले, बनुबाई नाचली. सडकेवर एस.टी. हॉर्न देऊन देऊन निघून गेली आणि पाळकसाहेब राहिले. रात्री त्यांनी आप्पासाहेबांकडं तीन भाकरी खाल्ल्या आणि पिठल्यात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

त्यानंतर गावानं दुसरा निरोप समारंभ केला. या वेळी बरोबर माणसाला केला. नवी घोंगडी विणायला वेळ नव्हता, म्हणून भिंतीवरची काढून झटकली आणि तीच लिडियाला दिली. भाषण करायला सांगितलं तर ती म्हणाली, "यांनी मागंच केलंय माझ्या वाट्याचं."

जायच्या दिवशी सगळी टाकळवाडी सडकेवर उभी होती. घराघरातून हार आले होते. झेंडूचे, शेवंतीचे, एक तर नुसत्या तुळशीचा. लिडियाचं नाक तेवढं दिसत होतं. गुरुजींनी तिची ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली, दोर आवळला, पुन्हा आवळला. त्या रविवारपासून एक प्रश्न त्यांनी मनातच ठेवला होता. त्या दिवशी तिच्या गळ्यात हार असताना विचारता आला असता, तेव्हा धीर झाला नाही. खरं उत्तर काय येईल याचीच भीती होती. आजही ते नुसतंच म्हणाले, "डबा घेतलास ना? स्वेटर वर ठेवलायस ना?"

एस.टी. सुरू झाली. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून हारांचा एक ढीग बाहेर आला आणि त्यातून लिडियाचा आवाज आला.

"अहो, तुम्ही विचारलंच नाही."

"काय?"

"मी दोन वर्षांनी परत येणार. तोवर तुम्हाला न्यायचा काही परवाना निघाला तर दोघं जाऊ. नाही निघाला तर दोघं इथं राहू." मग तिनं दोन्ही हातांनी हार वर उचलून दाखवले. "बघून घ्या. गळ्यात आहेत."

गाडी वळणावर गेली तरी गुरुजी हात हलवत होते. बटण तुटलेल्या सदऱ्याची बाही वाऱ्यावर फडफडत होती.

दुसऱ्या दिवशी तोच कंडक्टर टाकळवाडीच्या थांब्यावर उतरून मुद्दाम शाळेत आला. सीटवर तिघं बसतात, दाटी होते, म्हणून त्यानं बाईंना हार काढून ठेवायला सांगितलं होतं म्हणे. पण नगर येईपर्यंत त्यांनी एकसुद्धा काढला नाही.